सावरीखाली बसा: सातारा-सांगलीकडं शिमग्यानंतर पाखरं आणि जनावरं कशी बघायची

शिमगा जवळ आला की ओळखीतलं कोण ना कोण विचारतंच, रविवारी पक्षी बघायला कुठं जाऊ आणि दुर्बीण कुठली घेऊ. माझं उत्तर ठरलेलं आहे, आधी एक फुललेलं झाड हुडक आणि त्याच्यासमोर जाऊन बस. लोकांना वाटतं मी टाळतोय. पण खरंच सांगतो, एवढंच आहे.

मी स्वतः पहिली दोन वर्षं बरोब्बर उलटं करत होतो. साताऱ्यातनं पहाटे निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला कुठंतरी गाडी लावायची आणि रानात शिरून चालत सुटायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपलं रान म्हणजे नुसता कुरकुरीत पापड, पाय पडला की पाला वाजतो आणि शंभर पावलांवरच्या पाखराला कळतं की कोणतरी येतंय. दहा-बारा किलोमीटर चाल, पाण्याच्या दोन बाटल्या संपल्या, आणि वहीत काय तर बुलबुल, साळुंकी, कावळा. हे तर घराच्या गच्चीवरनं पण दिसतात. असाच एकदा घामाघूम होऊन एका ओढ्याच्या काठाला टेकलो होतो, तिथं म्हसरं घेऊन आलेले एक आबा बराच वेळ माझ्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "काय हरवलंय का?" म्हटलं नाही आबा, पाखरं बघतोय. "मग पळतोयस कशाला? त्या सावरीखाली बस जा की. समदी तिथंच येत्यात न्हारीला."

बसलो. पाऊण तासात चौदा जाती लिहिल्या. त्यातल्या पाच मी आधी कधी बघितल्याच नव्हत्या.

तर झाड कुठलं धरायचं. आपल्याकडं या दिवसात तीन झाडांवर गर्दी असते, काटेसावर, पळस आणि पांगारा. तिन्ही लाल-केशरी आणि फुलताना बहुतेक पानं झडलेली, त्यामुळं पाखरू लपायला जागाच नसते. नवशिक्याला यापेक्षा सोपं काही नाही राव. सावरीचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे रसानं भरलेलं असतं, म्हणून तिथं सकाळी लवकरच जायला पाहिजे, उजाडायच्या जरा आधी पोचलात तर उत्तम, साडेनऊ-दहानंतर ऊन लागतं आणि गर्दी पांगते. पळसाला शिंजीर जास्त, म्हणजे वाकड्या बारीक चोचीचं, रस पिणारं इवलंसं पाखरू. एकटं झाड घ्या, झुंडीतलं नको, म्हणजे नजर एका जागी ठरते, आणि जवळपास ओढा किंवा विहीर असेल तर सोन्याहून पिवळं.

बसायचं कुठं यालाही डोकं लागतं. सकाळी झाडाच्या पूर्वेला बसा, म्हणजे सूर्य तुमच्या पाठीमागं आणि उजेड झाडावर. उलट्या बाजूला बसलात तर सगळी पाखरं काळीच दिसतात आणि मग "कावळ्यासारखं काहीतरी होतं" असल्या नोंदी होतात, माझ्या जुन्या वहीत ढिगानं आहेत. पंचवीस-तीस पावलं लांब, एखाद्या झुडपाला किंवा दगडाला पाठ लावून. कपडे खाकी, मातकट, मळका हिरवा, काहीही चालेल पण पांढरा शर्ट नको. बसल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच होत नाही, तेव्हा लोक उठून जातात आणि म्हणतात इथं काही नाही. अहो तुम्ही येताना जे घाबरून उडालंय ते परत यायला तेवढा वेळ लागतोच की.

मग ये-जा सुरू होते. माझ्या अनुभवात सावरीवर आधी कोतवाल आणि कावळे येतात, मग साळुंक्या, मग बुलबुल. कोतवालात नीट बघा, शेपटीची टोकं वर वळलेली आणि अंग तेलकट चमकणारं असेल तर तो साधा कोतवाल नाही, केसराज आहे, आणि तो सावरीचा फार शौकीन. भोरड्यांचा थवा आला तर मात्र बाकीच्यांची सुट्टी. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि कलकलाट असा की जणू बाजार भरलाय. हिवाळाभर या सांगली-सोलापूरकडच्या ज्वारीवर असतात, त्यामुळं शेतकरी त्यांच्या नावानं बोटं मोडतात, आणि एप्रिलपर्यंत पार मध्य आशियाकडं निघून जातात, तिथंच त्यांची वीण होते. जायच्या आधी इथल्या सावरी-पळसावर खाऊन घेतात.

फुलात तोंड घालून बाहेर काढलेल्या पाखराचं कपाळ बघा. पिवळं झालेलं असतं, परागानं माखलेलं. हळद लागलेल्या नवऱ्यासारखं. तेच कपाळ घेऊन ते दुसऱ्या झाडावर जातं आणि तिथं झाडाचं काम होतं. मी एकदा एक साळुंकी एका डोळ्यापर्यंत माखलेली बघितली, मध्येच थांबून फांदीवर चोच घासत होती, परत फुलात डोकं, परत घासणं. शिंजीर मात्र लबाड. पळसाच्या फुलात समोरून न शिरता काही वेळा बुडाशी चोचीनं भोक पाडतो आणि रस ओढून पळतो, भाडं न देता. हाच जांभळा शिंजीर पावसाळ्यानंतर बघाल तर मळकट पिवळा आणि गळ्यावर एक काळी रेघ, ओळखू येणार नाही. आत्ता फाल्गुन-चैत्रात नर उन्हात आला की निळा-जांभळा चमकतो, लग्नाचा सूट घातल्यासारखा.

दुर्बिणीबद्दल थोडं, कारण लोक पैसे घालवतात आणि मग ती कपाटात पडते. ८ बाय ४२ घ्या. ८ म्हणजे आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये, ती जास्त असली की झुंजूमुंजू उजेडातपण दिसतं. १२ पट, २० पट लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणींच्या नादाला लागू नका, हात इतका हलतो की पाखरू नाही, भूकंप दिसतो. आणि घेतल्यावर ती डोळ्याला जुळवायची असते, हे निम्म्या लोकांना माहितीच नाही. उजवा डोळा मिटा, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्यानं लांबची एखादी फांदी स्पष्ट करा, मग डावा मिटा आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या बाजूची कडी फिरवून तीच फांदी स्पष्ट करा. झालं, आता कायमचं फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर रबरी कडा आत दाबा. पाखरू दिसलं की नजर त्याच्यावरनं काढायचीच नाही, दुर्बीण डोळ्यांपुढं आणायची. नजर खाली घालून दुर्बीण शोधली की पाखरू गेलं. घरी गच्चीत बसून समोरच्या टाकीवरच्या पारव्यावर आठवडाभर सराव करा, हसू नका, उपयोग होतो.

कानाचं काम डोळ्याइतकंच. टुक टुक टुक असा तांब्याच्या भांड्यावर ठोकल्यासारखा आवाज तांबटाचा. तो मुंडी इकडंतिकडं फिरवत ओरडतो त्यामुळं आवाज कधी डावीकडनं कधी उजवीकडनं आल्यासारखा वाटतो, वाळलेल्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक दिसलं तर तिथं टपून बसा. पहाटे गोड शीळ घालणारा काळा-पांढरा दयाळ. कोकिळा तर सगळ्यांनाच माहिती, पण कुहूकुहू करणारा नर असतो, आणि मादी ठिपक्याठिपक्यांची, झाडीत गुपचूप बसलेली, कावळ्याच्या घरट्यावर डोळा ठेवून. पावशाचं "पेर्ते व्हा" पण उन्हाळाभर चालू असतं. मोबाईलवर मर्लिन नावाचं फुकट ॲप मिळतं, आवाज ऐकून नाव सुचवतं, चांगलं आहे, पण ते म्हणतंय म्हणून लगेच लिहू नका, पाखरू डोळ्यानं बघा मग लिहा.

सगळ्यात महत्त्वाचा आवाज म्हणजे भांडण. बुलबुल, कोतवाल, शिंजीर, सातभाई असे एरवी एकमेकांना न विचारणारे सगळे एकाच फांदीभोवती जमून बोंबलत असतील तर तिथं हमखास काहीतरी आहे. बहुतेक वेळा पिंगळा. कधी साप. गेल्या वर्षी एका आंब्यावर असाच दंगा चालला होता, मी अर्धा तास दुर्बिणीनं ढोली बघत बसलो, आणि पिंगळा ढोलीच्या बाहेर खोडाला चिकटून, माझ्या समोर, अगदी खोडाच्याच रंगाचा. डोळे उघडले तेव्हा दिसला. वानराचा खॉक, भेकराचं कुत्र्यासारखं भुंकणं, सांबराचा एकदम फुटणारा मोठा "ढांक" असा आवाज परत परत आला तर समजा की बिबट्यासारखं काहीतरी फिरतंय. तेव्हा हुडकायला जायचं नाही, आहे तिथंच थांबायचं.

जनावरं दिसण्यापेक्षा त्यांच्या खुणा दिसतात, आणि त्यातच जास्त मजा आहे असं माझं मत. सावरीची फुलं धप्पकन खाली पडतात, ती खायला भेकर, सांबर येतात, म्हणून झाडाखालची माती आधी बघा. दोन पाकळ्यांचा खूर, लेंड्या. पायवाटेवर काळे-पांढरे लांब काटे पडलेले असतील तर साळिंदर. दगडावर बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर उदमांजर. पांढरी पडलेली, खडूसारखी असेल तर तरस, हाडं खातं ना ते. उंच झाडाच्या शेंड्याला काटक्यापानांचा मोठा गोळा म्हणजे शेकरूचं घरटं, आणि महाबळेश्वरकडं हे जास्त, एक शेकरू एकापेक्षा जास्त घरटी बांधतं त्यामुळं घरटं दिसलं म्हणून शेकरू तिथंच असेल असं नाही. या दिवसात सांबराची शिंगं गळतात. सापडलं तर फोटो काढा आणि तिथंच ठेवा, शोकेसला न्यायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

एप्रिल लागला की फुलं संपत येतात, मग झाड सोडून पाणी धरायचं. ओढ्यातला शेवटचा डोह, दगडातली खोबण, गुरांचा हौद. तिथं मात्र भर दुपारी पण पाखरं येतात. संध्याकाळी उशिरा पायी पाणवठ्यावर बसू नका, ती वेळ गवे आणि अस्वलांची.

जागा म्हणाल तर नवख्यानं सागरेश्वरला जावं. कडेगाव तालुक्यात, देवराष्ट्र्याजवळ, फक्त १०.८७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, १९८५ चं. वृक्षमित्र धों. म. मोहित्यांच्या पुढाकारानं उजाड डोंगरावर माणसांनी उभं केलेलं जंगल आहे हे. बारमाही पाणी नाही, म्हणूनच उन्हाळ्यात पाणवठ्यावर चितळ, सांबर, काळवीट दिसायची शक्यता चांगली. चांदोली आणि कोयना म्हणजे २०१० पासूनचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, तिथं वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय निघू नका. मिरजकरांना दंडोबाचा डोंगर आहे. सांगलीत राहून लांब जमत नसेल तर हरिपूरला संगमावर सकाळी तासभर बसा, खंड्या आणि वेडे राघू तर कुठं जात नाहीत.

आता माझी एक चूक सांगतो. एकदा दयाळाचा फोटो पाहिजे म्हणून मोबाईलवर त्याचाच आवाज लावला. लगेच आला. पण आला तो भांडायला, शेपटी वर करून, फुगून, फोनसमोर एवढा नाचला, आणि मी बंद केल्यावरही बराच वेळ तिथंच घिरट्या घालत होता, त्याला वाटलं हद्दीत दुसरा नर शिरलाय. घरट्याचे दिवस, पिलांना चारायचं सोडून तो माझ्या फोनशी भांडत होता. फोटो चांगला आला, पण कोणाला दाखवला नाही. आवाज लावू नका, आणि घरट्याच्या जवळ जाऊन फांद्या बाजूला करून फोटो तर अजिबातच नको, तुमच्या मागनं कावळा बघत असतो, तुम्ही हललात की घरट्यावर त्याची धाड.

आणि आग्या मोहोळ. कड्यांना, उंच सावरींना लोंबतं. झाड धरायच्या आधी वर बघा, मोहोळ असेल तर दुसरं झाड. अत्तर, सेंट लावून येऊ नका, विडी-सिगारेट तर नकोच. त्यातनं वणवे पण लागतात, आणि काही लोक तर नवं गवत चांगलं येतं म्हणून मुद्दाम डोंगर पेटवतात, जमिनीवरची टिटवीची, रातव्याची, तित्तिराची अंडी तिथंच भाजतात. वणवा दिसला तर वनखात्याचा १९२६ नंबर लावा. गवा समोर आला तर थांबा, नजर न भिडवता हळूहळू मागं या, सेल्फी राहू द्या. एकटा नर असेल तर जास्तच लांब.

सकाळची बैठक जमली की एकदा संध्याकाळी त्याच झाडाखाली जा, सोबत कोणीतरी घेऊन, बिबट्याचा भाग नसेल तिथं. अंधार पडल्यावर नवीन उमललेल्या सावरीच्या फुलांवर मोठी वटवाघळं येतात, फांदी वाकते, पंखांचा फडफडाट ऐकू येतो. बॅटरीवर लाल कागद लावा.

फुलं संपल्यावर जवळचा उंबर बघून ठेवा. पिकला की तांबट, त्याचे मोठे भाऊबंद कुटुर्गे, धनेश आणि हरियाल तिथं हलतात. हरियाल म्हणजे आपला राज्यपक्षी, पण पानात असा मिसळतो की आधी दिसत नाही, खाली टपटप फळं पडायला लागली की वर बघायचं.