बलुची युद्धगालिचा घेताय? आधी तो उलटा करा : या चुका टाळा

माझा पहिला ‘युद्धगालिचा’, म्हणजे अफगाण युद्धातली शस्त्रं नक्षीत असलेला गालिचा, मी दुकानात पाच मिनिटांत पसंत केला. चार रणगाडे, दोन हेलिकॉप्टरं, मधोमध कलाश्निकोव्ह. अजून काय पाहिजे? घरी आणून उलटा केला, तर मागे जाडंभरडं कापड चिकटवलेलं आणि झालर शिवणयंत्रावर जोडलेली. तो गालिचा विणलेलाच नव्हता. कापडात यंत्राने लोकर ठोसून बसवली होती, आणि त्या यंत्राला टफ्टिंग गन म्हणतात. म्हणजे बंदूक चालली होती खरी!

तेव्हापासून मी समोरची बाजू शेवटी बघतो. हाताने गाठ मारलेल्या गालिच्याच्या पाठीवर नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट दिसते, आणि झालर म्हणजे ताण्याचेच, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचेच, सुटे राहिलेले शेंडे असतात. आडवी घडी घालून लोकर फाकवली की मुळाशी गाठ दिसते. बलुची कामात ती बहुतेक वेळा असममित, म्हणजे फारसी पद्धतीची (ताण्याच्या दोन धाग्यांपैकी एकालाच पूर्ण वेढा घेणारी) असते. फोटोवरून घेत असाल तर पाठीचा जवळून फोटो मागा, शेजारी एक नाणं ठेवायला सांगून. आपल्याकडे काश्मिरी गालिच्यांमुळे ‘इंचाला किती गाठी’ हा प्रश्न जिभेवरच असतो. बलुची गालिच्याला तो फारसा लागू नाही. तो मुळातच जरा विरळ, मऊ, हातात लोळणारा असतो.

‘बलुची’ या शब्दावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाजारात ही व्यापाऱ्यांची चिठ्ठी आहे, विणणारीची जात-जमात नव्हे. हेरात, फराह, निमरूझ हा पश्चिम अफगाणिस्तानचा पट्टा आणि सीमेपलीकडचं इराणी खोरासान इथल्या तैमानी, तैमुरी अशा इतर लोकांचं कामही याच नावाने विकलं जातं. भडक लाल पार्श्वभूमीवर अफगाणिस्तानचा मोठा नकाशा आणि उत्तरेकडे परतणारे सोव्हिएत रणगाडे दिसले, तर ते बहुधा उत्तरेकडच्या तुर्कमेन लोकांचं काम. २००१ नंतर आलेले न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांचे गालिचेही तुर्कमेनांचेच; त्यातलं दोन झेंडे आणि कबुतराचं चित्र अमेरिकी विमानांनी टाकलेल्या पत्रकांवरून उचललेलं आहे. ते वाईट असतात असं नाही. पण बलुची म्हणून पैसे मोजू नका.

सगळ्यात जास्त फसगत होते ती सालात. सोव्हिएत फौजा डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात शिरल्या आणि १५ फेब्रुवारी १९८९ ला बाहेर पडल्या. म्हणून हेलिकॉप्टर दिसलं की गालिचा ‘ऐंशीच्या दशकातला’ ठरवून लोक मोकळे होतात. चित्रावरून एवढंच कळतं की गालिचा त्या शस्त्राच्या आधीचा नाही. नंतरचा कितीही असू शकतो. पाकिस्तानातल्या पेशावरच्या बाजारात मागणी होती, नमुना हाताशी होता, मग तोच रणगाडा पुढे वर्षानुवर्षं विणला गेला.

विणलेलं साल मिळालं तर उत्तम, पण ते वाचायचं कसं? अफगाण सौर हिजरी सालात (हे सूर्यावर चालतं, वर्ष मार्चमध्ये सुरू होतं) ६२१ मिळवायचे. १३६७ म्हणजे मार्च १९८८ ते मार्च १९८९, फौजा परतल्या ते वर्ष. तेच चंद्रावर चालणारं नेहमीचं इस्लामी साल, म्हणजे चांद्र हिजरी, समजून हिशेब केला तर १९४७-४८ निघतं. आणि या गालिच्यांवर दिसणारं सोव्हिएत एमआय-२४ हेलिकॉप्टर पहिल्यांदा उडालं १९६९ ला! शिवाय फारसी सात इंग्रजी ‘व्ही’सारखा असतो आणि आठ त्याच्या उलटा. गालिचा वरची बाजू खाली करून टांगला की सातचा आठ झालाच. लोकरीवरून उभा हात फिरवा: ज्या दिशेने जाताना ती मऊ लागते, तिकडे विणकामाची सुरुवात, म्हणजे सहसा खालची बाजू. त्यातही नमुना बघून विणणारीला अक्षरओळख असेलच असं नाही. आकडे आरशातल्यासारखे उलटे आले, अफगाणिस्तानचं इंग्रजी स्पेलिंग चुकलं, तर तेवढ्यावरून गालिचा नकली ठरवू नका.

आणि ‘अँटिक’ म्हणाले तर हसून पुढे जा. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात अशा वस्तूला शंभर वर्षं लागतात. सर्वांत जुना युद्धगालिचाही पन्नाशीच्या आतला.

एक चूक हौशी लोकांचीच. प्रत्येक फुलात हातबॉम्ब शोधायचा. सुरुवातीच्या काही गालिच्यांत शस्त्रं पानाफुलांत खरंच दडलेली आहेत, पण फूल बहुतेक वेळा फूलच असतं. अफगाण गालिच्यात चित्रं युद्धानेच आणली असंही नाही. अफगाण राजा अमानुल्लाचं चित्र असलेले गालिचे त्याआधीचे आहेत. ‘विणणारीने डोळ्यांनी पाहिलेलं युद्ध’ ही गोष्ट तर विकणारा फुकट देतो. असेलही खरी. मी तिचे पैसे देत नाही.

रंगासाठी ओलं पांढरं फडकं मिनिटभर दाबून धरा. लाल उतरला तर धुताना सगळ्या नक्षीत पसरणार. लोकरीचं टोक फिकट, मूळ गडद आणि तेही सगळीकडे अगदी सारखं असेल, तर गालिचा म्हातारा नाही, त्याला रसायनाने म्हातारा केलाय. दोन्ही टोकांची गाठी नसलेली सपाट विणीची पट्टी मळकी वाटली तरी कापू नका. बलुची कामाची ती ओळख आहे.

राहता राहिला आपला पावसाळा. मुंबई-कोकणात तो गालिचा प्लास्टिकमध्ये गुंडाळला की आत बुरशी धरलीच. जुनी सुती चादर पुरे. भिंतीवर लावला असेल तर कसर मागच्या अंधाऱ्या बाजूने खात येते, समोरून महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. दर दोन महिन्यांनी खाली उतरवा, सावलीत वाऱ्यावर टाका आणि पाठ बघा.