साथीच्या निर्बंधात किराणा दुकान कसं चालवायचं

मास्क, दारात दोरी, जमिनीवर गोल, हे २०२० पासून सगळ्यांना पाठ आहे, परत साथ आली की ते करून घ्या. सॅनिटायझर घेताना अल्कोहोल ६० टक्क्यांच्या वर आहे ना तेवढं बघा. माणसांवर औषध फवारायचा बोगदा विकायला कोण आला तर दारातूनच परत पाठवा, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्येच ते करू नका म्हणून सांगितलेलं.

हवा खेळती पाहिजे. मागची खिडकी साखरेच्या पोत्यांनी बुजवली असेल तर थप्पी हलवा, एक्झॉस्ट लावा, मग गल्ल्यापाशी उदबत्ती धरून बघा, धूर मागं ओढला जातोय का तिथंच घुटमळतोय ते लगेच कळतं.

आता खरं अवघड काम, गर्दी फोडणं. एप्रिल २०२१ मध्ये किराण्याला सकाळी ७ ते ११ एवढीच वेळ मिळाली आणि दिवसभराचं गिऱ्हाईक चार तासात आलं, नऊनंतर आमच्या काउंटरवर नुसती रेटारेटी. वेळ कमी केली की गर्दी कमी होते हे मला अजिबात पटत नाही, उलट दाटते. आमचं गाडं इथंच अडकायचं.

याद्या आदल्या संध्याकाळी सहापर्यंत व्हॉट्सॲपवर घ्या, चिठ्ठीचा फोटो पण चालतो. शटर खाली असताना माल बांधा, पिशवीवर मार्करनं नाव आणि वेळ लिहा. वेळ म्हणजे "सकाळी या" नाही, तसं म्हटलं की सगळे साडेनऊला हजर. "सव्वाआठ" असंच सांगा, पंधरा मिनिटांत चारच गिऱ्हाईकं, आणि पहिला अर्धा तास फोन नसलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मोकळा ठेवा.

लवकर आलेल्याला लवकर पिशवी देऊ नका. वाईट वाटतं, पण एकाला दिली की दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली लवकर येते. कडेवर लेकरू असेल तर गोष्ट वेगळी.

तूरडाळ संपली तर फोन करून विचारा, मनानं मूगडाळ घालू नका, नाहीतर काकू काउंटरवरच पिशवी उघडून बसतात आणि मागं रांग वाढत जाते. बिलाचा आकडा आधीच कळवा म्हणजे सुट्ट्या पैशांचा घोळ राहत नाही. उधारीचं बोलणं दुपारी फोनवर, काउंटरवर बिलकुल नाही.

कामाच्या पोराला ताप आला तर पगारी सुट्टी द्याच, हजेरी कापली की तो गोळी खाऊन कामावर येणार, त्याच्या घरी चूल पेटायचीय.

जून २०२१ मध्ये पॉझिटिव्हिटी, म्हणजे तपासलेल्यांत बाधित निघालेल्यांचं प्रमाण, जास्त म्हणून कोल्हापूर सरकारनं ठरवलेल्या पाच स्तरांपैकी कडक निर्बंधांच्या चौथ्या स्तरात गेलं आणि कापड, सोनं, चप्पल सगळं बंद राहिलं. आमचा किराणा तरी चालू होता, पण महाद्वार रोड, गुजरी या बाजारपेठांतल्या दुकानदारांचं भाडं आणि हप्ते काय थांबले नव्हते, दुकानं उघडू द्या ही त्यांची मागणी रास्तच होती. अशी मागणी आकड्यांनिशी करता यावी म्हणून कुठल्या वेळेला किती गिऱ्हाईकं आली ते रोज वहीत लिहा, आणि वेळ वाढवून मागायला संघटनेबरोबर जाताना निवेदनाला त्या पानांची झेरॉक्स जोडा.