सान दोनातो मिलानेझेमध्ये नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

नोकरी म्हणायला इटलीतील मिलानची आणि घर त्याला लागून असलेल्या सान दोनातो मिलानेझे या गावात, अशी व्यवस्था आपल्याकडून येणाऱ्या अनेक अभियंत्यांच्या वाट्याला येते. तेल आणि वायू व्यवसायातील मोठी कार्यालये येथे असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. गावाचा मेतानोपोली हा भाग तर एनी या तेल-वायू कंपनीचे संस्थापक एन्रिको मात्तेई यांनी १९५०च्या दशकात कंपनीची कार्यालये आणि कर्मचाऱ्यांची घरे यांसाठीच वसवला. रुंद रस्ते आणि भरपूर झाडी असलेल्या या वस्तीत रात्री जेवणानंतर चिटपाखरूही दिसत नाही आणि ही शांतता काहींना पहिल्याच महिन्यात खायला उठते. तरीही लहान मुले असलेल्या कुटुंबाने मिलानच्या मध्यवस्तीतील भाडे भरण्यापेक्षा येथेच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिलानच्या मालपेन्सा विमानतळावरून रेल्वेने मिलानो चेंत्राले हे मुख्य स्थानक गाठावे आणि तेथून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने सान दोनातो या शेवटच्या स्थानकावर उतरावे. सान दोनातो मिलानेझे हे रेल्वे स्थानक निराळे आहे आणि मेट्रोपासून दूर आहे. पाहुण्यांना पत्ता पाठवताना हा फरक ठळकपणे लिहावा. मेट्रोतून बाहेर पडतानाही तिकीट लागते, म्हणून ते फेकून देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. घराची किल्ली हातात आली की त्याच दिवशी इमारतीच्या दारावरील घंटेच्या पाटीवर आणि खालच्या टपालपेटीवर आपले आडनाव लावावे. फ्लॅट क्रमांकावर आपला फार विश्वास असतो, परंतु इटलीत पोस्टमन आणि सरकारी कर्मचारी आडनावावरून घर शोधतात. नगरपालिकेत रहिवासाचा अर्ज दिल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत नोंद होते खरी, पण पुढील ४५ दिवसांत स्थानिक पोलीस कर्मचारी आगाऊ न कळवता पडताळणीसाठी येऊ शकतो. माझ्या परिचयातील एका दांपत्याच्या घंटेवर आधीच्या भाडेकरूचेच नाव राहिले होते. कर्मचारी येऊन परत गेला, नोंद रद्द झाली आणि त्या नोंदीवर अवलंबून असलेली आरोग्यसेवेची, कुटुंबाच्या डॉक्टरची कामे सगळी खोळंबली. त्यातच वाहतूक दंडाची नोंदणीकृत टपालाची सूचनाही त्यांना मिळाली नाही. असे टपाल आपण पोस्टातून आणले नाही, तरी ठरावीक मुदतीनंतर कायद्याने ते आपल्याला मिळाले असेच धरले जाते. पाच दिवसांत भरल्यास दंडात ३० टक्के सूट असते, ६० दिवस उलटले की रक्कम वाढते. त्यांनी वाढलेली रक्कम भरली. पतिपत्नींची पासपोर्टवरील आडनावे वेगळी असतील तर दोन्ही लावावीत. इटालियन स्त्रिया कागदोपत्री माहेरचेच आडनाव ठेवतात, त्यामुळे दोन आडनावांच्या पाटीचे येथे कोणालाही नवल वाटत नाही. हे मी प्रत्येक नवागताला सांगतो आणि तरीही महिनाभराने जावे तर पाटी कोरीच असते.

निवास परवान्याच्या अर्जाची मुदत इटलीत आल्यापासून आठ कामकाजाचे दिवस आहे. पोस्टातून अर्ज दिल्याची पावती परवान्याइतकीच जपावी.

आईवडील भेटीला येतात तेव्हाचे नियम मात्र आपली मंडळी सर्रास विसरतात आणि व्हॉट्सॲपवर एकमेकांना ‘कोणी विचारत नाही’ असा दिलासा देतात. युरोपीय संघाबाहेरील पाहुणा घरी उतरला की यजमानाने ४८ तासांत स्थानिक अधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे, मग तो पाहुणा सख्खी आई का असेना. आईवडील फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे आले असतील, तर प्रवेशाची नोंद तेथेच होते. अशा वेळी त्यांना आठ दिवसांत आपल्या आगमनाची नोंद इटलीच्या पोलिसांकडेही करावी लागते.

भारतीय वाहन परवान्याची अदलाबदल इटलीत होत नाही. रहिवासाची नोंद झाल्यापासून एक वर्षानंतर तो चालत नाही आणि लेखी परीक्षा इटालियनमध्ये द्यावी लागते, म्हणून भाषेचा अभ्यास पहिल्या महिन्यापासूनच सुरू करावा. कार्यालयात इंग्रजीवर निभावते, या सबबीवर वर्षानुवर्षे काढणारे आपले लोक पाहिले की मला संताप येतो.

इमारतीच्या नियमावलीत दुपारच्या विश्रांतीची वेळ लिहिलेली असते. त्या वेळेत मिक्सर लावू नये. बेसनासाठी भारतीय दुकान गाठण्याची गरज नाही, सुपरमार्केटमध्ये ‘फारीना दी चेची’ म्हणजे हरभऱ्याचेच पीठ मिळते. सेंद्रिय मालाच्या दुकानात ‘सोर्गो’ या नावाने ज्वारीचे पीठही मिळते, फक्त भाकरीसाठी ते बारीक दळलेले पाहून घ्यावे. पोह्यांसाठी मात्र मिलानला जावे लागते.

पाहुण्यांना मिलानचे दुओमो हे मुख्य चर्च दाखवून झाल्यावर जवळच्या क्यारावाल्ले येथील ११३५ साली स्थापन झालेल्या ख्रिस्ती मठात अवश्य न्यावे. तेथे गर्दी कमी असते आणि वयस्क माणसांना निवांत बसता येते. पाहुण्यांची विमानाची तिकिटे ऑगस्टची मात्र काढू नयेत. १५ तारखेच्या फेर्रागोस्तो या सुट्टीच्या आगेमागे निम्मे गाव समुद्रावर गेलेले असते, अनेक दुकानांची दारे बंद असतात आणि उकाडाही असह्य होतो. मे किंवा सप्टेंबर हे महिने त्यांना मानवतील.