पडदे बदलायचेत? आधी रॉड, मग माप, कापड सगळ्यात शेवटी

सणाच्या आधी घराला नवं रूप द्यायचं असेल, तर रंगकामाचा पसारा न मांडता सगळ्यात जास्त फरक दाखवतात ते पडदे. पण बहुतेक जण सुरुवातच उलटी करतात. आधी दुकानात जातात, कापड मनात भरतं, तिथल्या तिथे अंदाजाने मीटर सांगतात आणि घरी आल्यावर खिडकी मोजायला घेतात. मग पडदा आखूड होतो, नाहीतर दोन्ही बाजू ओढूनही मधे फट राहते. ‘खिडकी मोजा आणि थोडं जास्त कापड आणा’ हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. थोडं म्हणजे किती, हाच तर सगळा प्रश्न आहे.

पडदे शिवून घेणार असाल, तर सणाच्या किमान महिनाभर आधी कामाला लागा. शेवटच्या आठवड्यात शिंप्याच्या हाताखाली इतकं काम असतं की तो खालची दुमड एकेरी मारून मोकळा होतो.

कुठल्या खिडकीला काय हवंय

एकेका खोलीत उभं राहून ठरवा. झोपायच्या खोलीत अंधार हवा असेल, तर ब्लॅकआउट कापड किंवा जाड कापडाला अस्तर. बैठकीत उजेड हवा पण बाहेरची नजर नको असेल, तर पातळ शीअर, म्हणजे जाळीदार, झिरझिरीत कापड. मात्र शीअर दिवसाच आड धरतं. रात्री आतले दिवे लागले की बाहेरून सगळं दिसतं, त्यामुळे त्याच्या जोडीला दुसरा जाड पडदा आणि दुहेरी रॉड लागतोच. ऊन थेट येत असेल तिथे अस्तर घालाच, कारण गडद रंग उन्हाने आधी विटतात. शेगडीजवळच्या खिडकीला लोंबता पडदा लावूच नये.

रॉड आधी बसवा

नवा रॉड घ्यायचा असेल किंवा जुना हलवायचा असेल, तर ते काम मोजमापाच्या आधी उरका. चौकटीच्या वर 4 ते 6 इंच, आणि दोन्ही बाजूंना 6 ते 10 इंच पुढे. बाजूची ही जागा महत्त्वाची आहे: पडदा उघडल्यावर त्याचा गठ्ठा भिंतीवर सरकला पाहिजे, काचेवर नाही. चौकटीएवढाच रॉड लावला की पडदा कितीही उघडा, दोन्ही कडांचा उजेड अडतोच आणि खोली कायम अंधारी वाटते. खिडकीच्या वर बहुधा काँक्रीटचं लिंटेल, म्हणजे आडवी तुळई असते, त्यामुळे हॅमर ड्रिलशिवाय भोक पडणार नाही. रॉड पाच-सहा फुटांपेक्षा लांब असेल तर मधे एक ब्रॅकेट हवा, नाहीतर जाड पडद्याच्या वजनाने रॉडला झोळ येतो. पाणसळ लावून बघा आणि पुढे चला.

माप आणि चुण्या

इथे घोडं पेंड खातं. मलाही हे गणित नीट बसायला वेळ लागला, कारण लांबी सगळे सांगतात, रुंदीबद्दल कुणी धड बोलत नाही. आणि पडद्याची शोभा तर रुंदीतच असते. महागडं कापड रुंदीला कमी घेतलं की ते वाळत घातलेल्या चादरीसारखं सपाट लोंबतं. साधंच कापड भरपूर चुण्यांनी पडलं की खोली भरल्यासारखी वाटते. पैसे मोजकेच असतील तर स्वस्त कापड घ्या, पण रुंदी कापू नका. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

स्टीलची टेप घ्या. शिवणकामाची कापडी टेप वापराने ताणली जाते आणि लांब मापात दगा देते. सगळी मापं एकाच एककात लिहा. इंच आणि सेंटिमीटर एका कागदावर मिसळले की गोंधळ ठरलेला.

रुंदी मोजायची ती रॉडची, खिडकीची नव्हे. आता या रुंदीला गुणायचं. रिंगांच्या, म्हणजे आयलेटच्या पडद्याला दुप्पट कापड. वर प्लेट्स, म्हणजे शिवून पक्क्या केलेल्या चुण्या घालणार असाल तर दुप्पट ते अडीचपट. शीअरला अडीच ते तीनपट, कारण पातळ कापडाच्या चुण्या विरळ असल्या तर ते अगदीच पोकळ दिसतं. दीडपटीच्या खाली कुठल्याच प्रकारात उतरू नका.

एक खिडकी घेऊन बघू. खिडकी 60 इंच रुंद, रॉड दोन्ही बाजूंना 8 इंच पुढे, म्हणजे 76 इंच. आयलेटसाठी दुप्पट: 152 इंच. आता कापडाचा पन्हा, म्हणजे ताक्याची रुंदी बघा. पडद्याचं कापड साधारण 48 किंवा 54 इंच पन्ह्यात मिळतं. 48 इंची कापडाचे तीन पाट, म्हणजे पूर्ण पन्ह्याचे तीन लांब तुकडे घेतले तर 144 इंच होतात. त्यातून बाजूच्या दुमडींचे आणि जोडाचे मिळून 14 इंच वजा करा, हातात उरतात 130. रॉडच्या पावणेदोन पटींच्याही किंचित खालीच. तेच 54 इंची पन्ह्यात तीन पाटांचे 162, वजा 14, म्हणजे 148. जवळजवळ दुप्पट. पाट तेवढेच, पण पडद्यात फरक डोळ्यांना दिसेल इतका. म्हणून दुकानदाराला रंग दाखवायला सांगण्याआधी पन्हा विचारा.

तीन पाटांचे दोन पडदे, म्हणजे प्रत्येकात दीड पाट. अर्धा पाट नेहमी भिंतीच्या बाजूला जोडायला सांगा. शिंप्याला हे न सांगता सोडलंत आणि जोड मधल्या बाजूला आला, तर पडदा मिटल्यावर ती शिवण बरोबर खिडकीच्या मधोमध डोळ्यांत खुपत राहील.

आता लांबी. रॉडच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा, आणि तीन ठिकाणी मोजा: डावीकडे, मधे, उजवीकडे. फरशी सरळ दिसते, पण अर्ध्या इंचाचा फरक सहज निघतो. त्यातलं सगळ्यात छोटं माप धरा आणि जमिनीपासून अर्धा इंच वर थांबा. पडदा जमिनीवर लोळवायची टूम मला मुळीच मान्य नाही. रोज झाडू-पोछा होणाऱ्या घरात तो महिन्याभरात खालून काळा पडतो.

आयलेटमध्ये आणखी एक इंच-दीड इंच हमखास विसरला जातो: रॉडच्या वर उभं राहणारं कापड. समजा रॉडपासून जमीन 90 इंच. वरचा दीड इंच मिळवा, खालचा अर्धा वजा करा, तयार पडदा 91 इंच. त्यात खालच्या 4 इंची दुहेरी दुमडीचे 8 आणि वरच्या पट्टीचे 4 मिळवा. एक पाट 103 इंच. तीन पाट 309 इंच, म्हणजे सुमारे 8 मीटर.

थांबा, कापडावर मोठी नक्षी असेल तर हा हिशेब मोडतो. नक्षी किती इंचांनी पुन्हा सुरू होते ते मोजा. समजा 25 इंचांनी. मग प्रत्येक पाट 25 च्या पटीत घ्यावा लागतो, तरच शेजारशेजारची फुलं एका रेषेत येतात. 103 चे होतात 125. तीन पाटांचे 375 इंच, म्हणजे साडेनऊ मीटरहून थोडं जास्त. दीड मीटरचा हा फरक दुकानातच कळलेला बरा. नंतर गेलात तर त्याच रंगाचा ताका मिळेलच असं नाही, आणि दुसऱ्या लॉटमधला रंग किंचित वेगळा निघतो.

आणि आटण्याचं लक्षात ठेवा. सुती कापड पहिल्या धुण्यात 3 टक्के आटलं तरी 91 इंचांत पावणेतीन इंच जातात. पडदा नवा असताना जमिनीला टेकलेला आणि धुतल्यावर घोट्यावर आलेला, हे यामुळेच होतं. सुती किंवा लिनन घेत असाल तर शिवायच्या आधी कापड धुऊन घ्या, आणि खरेदी करतानाच तेवढं जास्त घ्या. पॉलिएस्टरला ही कटकट जवळजवळ नाही.

तयार पडदे घेणाऱ्यांसाठी: पाकिटावर छापलेली रुंदी पडदा सपाट पसरल्यावरची असते. 76 इंचांच्या रॉडला 48 इंची दोन पडदे आणले तर चुण्या नावालाच पडतील. चार आणा.

कापड आणि रंग

आता दुकानात जा, पण पहिल्या फेरीत फक्त नमुने आणा, जमेल तेवढे मोठे. दुकानात कापडावर समोरून दिवा पडतो; घरी खिडकीत दिवसा उजेड मागून येतो, आणि रंग पार बदलतो. राखाडीकडे झुकणारा निळा सकाळी खिडकीला टाचला की कधी धुवट वाटतो, तर लिननच्या विणीतले जाडेभरडे धागे, जे दुकानात दिसतही नव्हते, उजेडात एकेक उठून दिसतात. तोच क्रीम रंग रात्री पिवळ्या दिव्याखाली लोण्यासारखा पिवळा दिसतो. नमुना काचेवर टाचून सकाळ, दुपार आणि रात्र, तिन्ही वेळा बघा. हातात धरून, सोफ्यावर ठेवून रंग ठरवू नका.

नमुना मुठीत चुरगाळून सोडून द्या. सुरकुत्या तशाच राहिल्या तर पडद्यावरही राहणार आहेत. मग वरून चिमटीत धरून चुणी पाडा: कापड सरळ खाली पडतं की फुगून बाहेर येतं ते लगेच कळतं. फुगणारं कापड कितीही सुंदर असो, सोडून द्या.

भिंतीच्या रंगाशी तंतोतंत जुळवायचा अट्टहास नको. त्याच घराण्यातला एक-दोन छटा गडद रंग घेतला की जमतं.

शिंप्याला काय सांगायचं

तोंडी नाही, कागदावर द्या: तयार लांबी, तयार रुंदी, खाली 4 इंची दुहेरी दुमड, अर्धा पाट बाहेरच्या बाजूला. रिंगा सम संख्येत हव्यात, साधारण सहा-सहा इंचांवर. आपल्या 74 इंची (148 चा अर्धा) पडद्याला 12. विषम झाल्या तर एक कड भिंतीकडे वळते आणि दुसरी खोलीकडे फाकते. रिंगचं आतलं भोक रॉडच्या जाडीपेक्षा चांगलं मोठं असावं, नाहीतर पडदा ओढताना अडकतो. मखमल असेल तर सगळ्या पाटांची लव एकाच दिशेला ठेवायला बजावा. एक पाट उलटा लागला की तो वेगळ्या रंगाचा दिसतो.

लावताना

इस्त्री करून लगेच टांगा. घडी घालून ठेवलेत तर पुन्हा मोड पडतात. लावल्यावर पडदे पूर्ण उघडा, चुण्या हाताने वरपासून खालपर्यंत सारख्या करा, आणि सुती पट्टीने तीन ठिकाणी सैलसर बांधून दोन-तीन दिवस तसेच ठेवा. घट्ट बांधलंत तर पट्टीचे वळ उठतात. हे दोन-तीन दिवस पाहुण्यांच्या आधी मोकळे ठेवा, म्हणजे पडदे सणाच्या आदल्या रात्री लावायची वेळ येणार नाही. मापांचा कागद टाकून देऊ नका. रॉड हलला नाही तर पुढच्या वेळी तोच चालेल.