भाड्याने द्यायचं की विकायचं घर: रंग-फरशी निवडण्याआधी भिंतीकडे बघा

आधी एकच ठरवा, घर भाड्याने द्यायचंय की विकायचंय. "करून तर ठेवू, मग बघू" म्हणणाऱ्याचा खर्च दोन्हीकडे फुकट जातो. भाड्याच्या घराला वर्षा-दोन वर्षांनी स्वस्तात डागडुजी करता येईल असा माल लागतो. विकायच्या घरात गिऱ्हाईक वीस मिनिटं फिरतं, तेवढ्यात घर नजरेत भरलं पाहिजे आणि टाइलवर टिचकी मारली तर पोकळ वाजता कामा नये. तुमची स्वतःची आवड दोन्हीकडे बाजूला ठेवा, तिथे तुम्ही राहणार नाही.

फरशी फिकट रंगाची, दोन बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड टाइल. पांढरीशुभ्र चकचकीत नको, तिच्यावर केससुद्धा दिसतो. बाथरूमला मॅटच. एकाच बॅचच्या दोन पेट्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर टाका, पुढच्या वर्षी तीच शेड मिळत नाही.

ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. नळ साधे क्रोमचे. हल्ली काळ्या मॅट नळांचं खूळ आलंय, पण बोअरचं जड पाणी असेल तर पंधरा दिवसांत त्यांच्यावर पांढरे ओघळ दिसतात आणि भाडेकरू काही रोज फडकं घेऊन बसत नाही.

आता भिंत. इथे मी पैसे घालवलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली. इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५, यावरून काय ते समजा. गावभागातली, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीतली, माझी तळमजल्याची दोन खोल्यांची जागा छातीएवढ्या पाण्यात होती. दिवाळीला भाडेकरू आणायचा म्हणून मी घाई केली. भिंत हाताला कोरडी लागत होती. पेंटर म्हणाला, "साहेब, दोन हात पुट्टी मारतो, वर चांगला चकाकणारा रंग देतो, ओल बाहेरच येणार नाही." मीही मान डोलावली. उन्हाळ्यात भाडेकरूचा फोन आला, "काका, भिंतीला फोड आलेत." जाऊन बघतो तर खालच्या स्कर्टिंगच्या पट्टीपासून कमरेपर्यंत रंगाचे फुगे. बोटाने दाबला की आतून पांढरं पीठ सांडायचं. मग त्यावर मी दुसरा शहाणपणा केला, तीन फुटांपर्यंत पीव्हीसीचे पॅनेल ठोकले. एक पावसाळा गेला, खोलीला वास यायला लागला. पॅनेल काढले तर मागे भिंत काळीकुट्ट, बुरशीने भरलेली.

चूक साधी होती. भिजलेली विटांची भिंत वाळायला ढोबळमानाने इंचाला एक महिना लागतो. माझी भिंत नऊ इंची आणि मी तिला जेमतेम अडीच महिने दिले होते. वरून वाळलेली भिंत आतून ओलीच असते. तिच्यावर चकाकणारा रंग दिला की ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि पाण्याबरोबर आलेले क्षार रंगाला आतून ढकलतात.

म्हणून शेडकार्ड हातात घ्यायच्या आधी हे करा. हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला आले तर खोलीत हवा खेळत नाही, खिडक्या उघड्या ठेवा.

भिंतीतच ओल असेल तर ती कुठून येते ते आधी शोधा. खालून चढत असेल तर जमिनीतली, छताच्या कोपऱ्यात असेल तर गच्चीची किंवा वरच्यांच्या बाथरूमची, मधेच एक गोल डाग असेल तर बहुधा आतला पाइप. वरच्यांशी भांडण्याआधी त्यांच्या बाथरूमची जाळी बंद करून चोवीस तास पाणी साठवून बघा. डाग वाढला तर बोला.

कारण मिटलं की खराब गिलावा ओलीच्या रेघेच्या वर फूटभर जाईपर्यंत खरवडून काढा. क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका, ते पुन्हा भिंतीत मुरतात. मग थांबा. पंखे लावा, दारं उघडी ठेवा, एक-दोन महिन्यांचं भाडं बुडू द्या. दोनदा रंग काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

गावभागातल्या जुन्या, चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या भिंतींना तर सिमेंटची पुट्टी लावूच नका. त्यांना चुनाच मानवतो, त्यातून भिंत श्वास घेते. गवंडी हसेल, हसू द्या.

भिंत खरंच कोरडी झाली की रंग सोपा. भाड्याच्या घराला सगळीकडे एकच फिकट मॅट इमल्शन. मॅटवर ठिगळ मारलं तर कळत नाही, चकाकीवर लांबून दिसतं. स्वयंपाकघरात मात्र पुसता येईल असा रंग घ्या. विकायच्या घरातही हेच, फक्त मुख्य दार नीट पॉलिश करून घ्या.

लाकडी कामाचं एवढंच, की तळमजल्यावर पार्टिकल बोर्डाचं कपाट करू नका. भिजला की तो फुगतो. कडप्प्याची मांडणी पुरातून निघाली तरी धुऊन पुन्हा वापरता येते. बाथरूमचं दार पीव्हीसीचं. फॉल्स सीलिंग नकोच. घेणाऱ्याला शंका येते, वर काय लपवलंय?

सांगलीत घर बघायला येणारा माणूस किंमत विचारायच्या आधी विचारतो, "एकोणीसला पाणी कुठवर होतं?" तेव्हा हात लावून रेघ दाखवा. नाहीतर जिना उतरताना शेजारच्या काकू दाखवतातच.