बिळात राहणारा टॅरँट्युला पाळायचा आहे? या चुका टाळा

नवखे हौशी बहुतेक वेळा छायाचित्र पाहून टॅरँट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, निवडतात आणि पहिली चूक तिथेच होते. म्यानमार आणि थायलंडमधला कोबाल्ट ब्लू नावाचा टॅरँट्युला प्रकाशात निळाशार चमकतो खरा. पण तो जवळजवळ सारे आयुष्य खोल बिळात काढतो, अतिशय चपळ आणि चिडका असतो, आणि आशिया-आफ्रिकेतल्या इतर टॅरँट्युलांप्रमाणे त्याच्या अंगावर शत्रूवर उडवायचे खाजरे केस नसल्यामुळे डिवचल्यास तो सरळ चावतो. त्या चाव्याने तीव्र वेदना होतात, स्नायूंत पेटकेही येतात. पहिला कोळी म्हणून मी तो कोणालाही सुचवणार नाही.

बीळ खणणारीच जात हवी असेल, तर ॲरिझोनातली ॲफोनोपेल्मा चाल्कोडीस किंवा मध्य अमेरिकेतली ॲफोनोपेल्मा सीमनी पाहावी. त्यांचे विष तुलनेने सौम्य असते. मात्र पोटावरचे केस खाजकुइलीसारखे त्रास देतात, म्हणून डोळे जपावेत. मादी वीस वर्षांहून अधिक जगू शकते, तर नर वयात आल्यानंतर फार काळ टिकत नाही. विकत घेण्यापूर्वी नर की मादी, हे विचारलेच पाहिजे. कोळी बंदिवासात पैदास केलेलाच घ्यावा. पश्चिम घाटातल्या मातीच्या उतारांवर बिळे करून राहणारे थ्रिग्मोपियस हे आपलेच कोळी आहेत. ते तिथेच राहू द्यावेत, उकरून घरी आणू नयेत.

सर्वाधिक नुकसान मातीच्या उथळ थरामुळे होते. पाय पसरल्यावर बारा सेंटिमीटर भरणाऱ्या कोळ्याला किमान वीस ते पंचवीस सेंटिमीटर माती हवी. नुसते कोरडे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरले तर बीळ ढासळते, म्हणून त्यात साधी, खत आणि कीटकनाशक नसलेली माती मिसळून, किंचित ओलवून, ती हाताने घट्ट दाबावी आणि एका कोपऱ्यात बोटाने तिरपे भोक करून द्यावे. मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतची उंची कमी ठेवावी, कारण जाड अंगाचा हा कोळी काचेवरून पडला तर त्याचे पोट फुटू शकते.

पेटीच्या तळाखाली उष्णतेची चटई ठेवणे ही दिसायला साधी पण घातक चूक आहे. उकाडा वाढला की बिळातला कोळी गारव्यासाठी खाली खणत जातो, आणि इथे खाली गेल्यावर त्याला अधिकच उष्णता मिळते. माणसाला सोसवेल असे खोलीतले तापमान सहसा पुरते.

कोळी दिसत नाही म्हणून बीळ उकरणे ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या सीमनीने तोंडाशी माती आणि रेशीम लावून बीळ बंद केले होते. पाच आठवडे झाले, तिने काही खाल्ले नव्हते, आणि मला धीर धरवला नाही. चमच्याने माती बाजूला केली तेव्हा ती कात टाकून नुकतीच मोकळी झाली होती. तिचे सुळे अजून पांढरे होते आणि पाय ओल्या कागदासारखे लिबलिबीत. ती वाचली, पण ते बीळ तिने पुन्हा वापरले नाही. बीळ बंद होणे आणि महिनोन्‌महिने उपास ही प्रौढ कोळ्यात बहुधा काळजीची लक्षणे नसतात. पोट सुरकुतलेले दिसले तर मात्र पाण्याची वाटी भरलेली आहे ना, हे आधी तपासावे.

कोळी उताणा पडलेला दिसला तर तो मेला असे समजून हलवू नये. कात टाकताना बहुतेक टॅरँट्युला पाठीवरच झोपतात. मरणारा कोळी सहसा पाय पोटाखाली आखडून घेतो. कात टाकण्याच्या काळात पेटीत राहिलेला जिवंत रातकिडा मऊ पडलेल्या कोळ्याला कुरतडू शकतो, म्हणून तो लगेच काढावा आणि सुळे पूर्ण काळे होईपर्यंत, साधारण दोन आठवडे, नवे भक्ष्य सोडू नये.