गर्भाच्या हृदयाचा एमआरआय : या चुका टाळा

गडचिरोली किंवा यवतमाळहून नागपुरात धंतोली-रामदासपेठेत आलेल्या गरोदर स्त्रीच्या कागदावर "हृदयात वेगळे काहीतरी दिसते" एवढाच शेरा असेल, तर तिला थेट एमआरआयला पाठवणे ही पहिली चूक होय. झडपा, पडद्यातील छिद्रे आणि ठोक्यांची लय पाहण्यासाठी फीटल इको, म्हणजे गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी, हीच मुख्य तपासणी असून ती साधारण १८ ते २४ आठवड्यांत व्हायला हवी. हृदयाचा एमआरआय बहुधा तिसाव्या आठवड्याच्या सुमारास व त्यानंतर चांगला येतो, कारण त्याआधी रक्तवाहिन्या फार बारीक असतात आणि गर्भ मोकळेपणाने फिरत असतो. गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांपुढे गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. त्यामुळे "एमआरआयनंतर बघू" म्हणत इको लांबवणे हा त्या कुटुंबावर अन्याय आहे.

एमआरआयच्या चिठ्ठीवर नेमका प्रश्न लिहावा : महाधमनीची (हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीची) कमान उजवीकडे आहे का, दुहेरी आहे का, तिच्यात अरुंदपणा आहे का? एमआरआयची खरी भर इथेच पडते. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चमूने २०१९ मध्ये ८५ गर्भांच्या अभ्यासात निरनिराळ्या दिशांनी घेतलेल्या कापांमधील (एकेका पातळ थराच्या चित्रांमधील) हालचाल संगणकाने दुरुस्त करून वाहिन्यांची त्रिमितीय प्रतिमा उभी केली.

सर्वांत जास्त गफलत गेटिंगमध्ये, म्हणजे चित्रे हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून घेण्यात, होते. गर्भाच्या छातीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड लावता येत नाहीत आणि आईच्या ईसीजीवर चित्रे घेतली, तर मिनिटाला ११० ते १६० ठोके देणारे ते इवलेसे हृदय नुसते धुरकट दिसते. म्हणून आईच्या पोटावर गर्भाचे ठोके ध्वनिलहरींनी टिपणारा डॉप्लर सेन्सर बांधतात. पडद्यावर ठोके ८०-९० दिसले, तर सेन्सर आईचीच नाडी पकडतो आहे का, हे तिच्या मनगटावर बोट ठेवून लगेच पडताळावे. दुसरा मार्ग मेट्रिक ऑप्टिमाइज्ड गेटिंगचा : आधी माहिती गोळा करायची, मग ठोक्यांची वेगवेगळी गती गृहीत धरून चित्रे जुळवायची आणि जिच्यात चित्र सर्वांत स्वच्छ येते ती गती स्वीकारायची.

फेज कॉन्ट्रास्टने (रक्ताचा वेग मोजणाऱ्या एमआरआय पद्धतीने) मोजलेला प्रवाह हिशेबाला लावल्याशिवाय अहवालात लिहू नये. मुख्य फुफ्फुसधमनीतील रक्त डक्टस (गर्भात फुफ्फुसधमनीला महाधमनीशी जोडणारी वाहिनी) आणि डाव्या-उजव्या फुफ्फुसधमन्यांत वाटले जाते. या तिघांची बेरीज मूळ आकड्याच्या जवळ येत नसेल, तर आजाराचा विचार करण्याआधी काप वाहिनीला काटकोनात होता का आणि यंत्राला मोजायला दिलेली कमाल वेगमर्यादा, म्हणजे वेन्क, कमी ठेवल्याने प्रवाह उलटा दिसला का, हे तपासावे. टी-टू या एमआरआय-मापावरून रक्तातील ऑक्सिजनचा अंदाज बांधताना हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण) विसरू नये, कारण गर्भाला रक्तक्षय असला तर तो आकडा दिशाभूल करतो.

आईला उताणे न ठेवता डाव्या कुशीवर झोपवावे आणि गॅडोलिनियम हे शिरेतून देण्याचे कॉन्ट्रास्ट औषध टाळावे.

शेवटची चूक तपासणीनंतर घडते. बाळाचा रक्तप्रवाह जन्मानंतर डक्टसवरच अवलंबून राहणार असे दिसले, तर डक्टस उघडा ठेवणारे प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन आणि नवजात अतिदक्षता विभाग जिथे तयार आहे तिथेच प्रसूती ठरवावी, आणि अहवाल नुसता कुटुंबाच्या हाती न देता त्या विभागातील बालहृदयतज्ज्ञांशी स्वतः फोनवर बोलावे.